डब्यावरचा नंबर नव्हे, निपलचं माप : काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरसाठी नेमकी केप कशी निवडावी

घोडा पडतो, ‘टक’ असा आवाज येतो आणि बार निघत नाही. सिलिंडरमधलं तेच घर, म्हणजे दारू-गोळी भरायचा तोच कप्पा, पुन्हा घोड्याखाली आणून चाप ओढला की मात्र बार उडतो. काळ्या दारूचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूवर चालणारं, रिव्हॉल्व्हर नव्यानं हाताळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा अनुभव येतो आणि दोष सहसा दारूला दिला जातो. ओलावा धरला असेल, स्प्रिंग ढिली असेल, केपा जुन्या असतील. मीही पहिला अख्खा उन्हाळा दारूच बदलत बसलो होतो. खरं कारण वेगळंच होतं. केप, म्हणजे ठिणगी देणारी तांब्याची इवलीशी टोपी, निपलवर, म्हणजे ती जिच्यावर बसते त्या पोकळ शंकूवर, पूर्ण बसलेलीच नव्हती. घोड्याचा पहिला घाव तिला खाली दाबण्यातच खर्च होत होता आणि दुसऱ्या घावाला ती पेटत होती.

आमच्याकडे रत्नागिरीत आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती, भातशेतीत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. ‘केप’ हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. वीसएक वर्षांनी इथे पेनसिल्व्हेनियातल्या नेमबाजीच्या रेंजवर कोल्टच्या नमुन्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर हातात आलं तेव्हा तोच शब्द तोंडात आला. म्हणून या लेखातही ती केपच आहे. इंग्रजीत तिला परकशन कॅप म्हणतात.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी काही जण आता या छंदात आले आहेत. कुणाला १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचा नाद असतो, कुणाला इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी भरणाऱ्या ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय स्पर्धा बघून ओढ लागते. लेख त्यांच्यासाठी आहे. रिव्हॉल्व्हर विकत घेताना दुकानदार केपेबद्दल जेमतेम एक वाक्य बोलतो. माझ्या मते या शस्त्राची निम्मी तब्येत त्या एका वाक्यावर अवलंबून असते.

आधी कायद्याचं

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये, काडतूस न वापरणाऱ्या अशा जुन्या नमुन्याच्या शस्त्रांना वेगळी वर्गवारी आहे. तेवढं वाचून निश्चिंत होऊ नका. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत हेच रिव्हॉल्व्हर इतर कुठल्याही हँडगनसारखं धरलं जातं आणि आपली कितीतरी माणसं एडिसनच्या आसपास राहतात. खरेदीआधी आपल्या राज्याचा नियम नीट विचारून घ्या. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय असं शस्त्र बाळगताच येत नाही. ‘गावी दाखवायला नेतो’ हा विचार मनात आणू नका. विमानाच्या सामानात केपा आणि काळी दारू हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि खाली दिलेल्या बॅगेतही चालत नाहीत.

केप करते काय

जुन्या मराठी कागदपत्रांत तोफेच्या मागच्या भोकाला ‘कान’ म्हणतात. त्या कानात रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, भरायची आणि बत्ती द्यायची. तोड्याची बंदूक, मग चकमकीची बंदूक, असं करत हा कान पेटवण्याची रीत बदलत गेली. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघातानं पेट घेणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. पुढच्या दोन दशकांत तो मसाला तांब्याच्या इवल्याशा वाटीत बसवला गेला. तीच ही केप. दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण म्हणा, पण टिकलीपेक्षा कितीतरी जहाल. कोल्टचं १८५१ चं नेव्ही, १८६० चं आर्मी, रेमिंग्टनचं ‘१८५८’ म्हणून ओळखलं जाणारं न्यू मॉडेल आर्मी ही सगळी केपेवर चालणारी रिव्हॉल्व्हरं. आज आपण वापरतो त्या त्यांच्या प्रतिकृती बहुतेक इटलीत होतात. उबर्टी आणि पिएट्टा ही त्यातली सर्वांत परिचित नावं.

सिलिंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक घरामागे एक निपल आटे फिरवून बसवलेलं असतं. निपल म्हणजे वर निमुळता होत गेलेला पोकळ शंकू. केप त्यावर टोपीसारखी बसते. आता लोहारकाम डोळ्यांसमोर आणा. घोडा म्हणजे हातोडा आणि निपलचं टोक म्हणजे ऐरण. केपेतला मसाला या दोघांमध्ये चिरडला गेला पाहिजे, तरच ठिणगी निपलच्या कानातून आत दारूपर्यंत जाते. केपेचा तळ आणि निपलचं टोक यांच्यात थोडी जरी पोकळी राहिली, तरी हातोड्याखाली ऐरणच नाही असं होतं. नेमकं बसणं म्हणजे काय, याचं उत्तर यातच आहे. केपेचा तळ निपलच्या टोकाला टेकलेला हवा आणि तिच्या कडेनं शंकूला सगळीकडून सारखं आवळलेलं हवं. एक साधलं आणि दुसरं राहिलं, तर केप चुकीची आहे.

नंबरानं फसू नका

रिव्हॉल्व्हरसाठी बाजारात मुख्यतः १० आणि ११ नंबरच्या केपा मिळतात. दोन्हींचा आतला व्यास ४ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा. एवढ्याशा फरकावर सगळं अडतं. त्यात हे नंबर म्हणजे काटेकोर पाळलेलं सामाईक माप नाही. प्रत्येक कारखान्याचा ‘दहा’ आपापला असतो. रेमिंग्टनची १० नंबरची केप सीसीआयच्या १० नंबरपेक्षा उंचीला जास्त आहे, त्यामुळे एकाच निपलवर एक तळापर्यंत जाते आणि दुसरी वरच अडते. जर्मनीच्या आरडब्ल्यूएसच्या डब्यावर १०७५ लिहिलेलं असतं, ती ढोबळमानानं अकराच्या मापाची. ‘मॅग्नम’ हा शब्द मापाबद्दल नाही, तो मसाल्याच्या जोराबद्दल आहे. आणि मस्केट केप नावाची मोठी, कडेला पाळी फुटलेली केप असते, ती स्प्रिंगफील्ड आणि एनफील्डसारख्या लष्करी रायफलींची. रिव्हॉल्व्हरच्या निपलवर ती बसायचा प्रश्नच येत नाही, तरी घाईत तिचा डबा उचलून आणणारे मी पाहिले आहेत.

निपलांचीही तीच कथा. दोन कारखान्यांचे शंकू वेगळे, आणि एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या काळातल्या मालातही फरक पडतो. म्हणून ‘माझ्याकडे अमुक रिव्हॉल्व्हर आहे, कोणत्या नंबरची केप घेऊ’ या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी दिलं, तर ते सुरुवात म्हणून घ्या, निर्णय म्हणून नको. निर्णय तुमच्या हातातल्या सहा निपलांवरच व्हायला हवा.

पहिली पायरी : निपल तपासा

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री करा. सहाही घरांत डोळ्यांनी बघा, एका घरावर विश्वास ठेवू नका. मग सिलिंडर बाहेर काढा. रेमिंग्टनच्या नमुन्यात मधला दांडा पुढे ओढला की सिलिंडर बाजूला निघतो, कोल्टच्या नमुन्यात आधी नळीची पाचर ठोकून काढावी लागते.

निपल काढायला त्याच्यासाठीचा पानाच हवा. पकडीनं काढाल तर शंकूवर ओरखडे येतील आणि त्यावर कुठलीच केप सरळ बसणार नाही. नव्या रिव्हॉल्व्हरच्या निपलात कारखान्याचं तेल असतं, ते पूर्ण पुसा आणि कानातून बारीक तार फिरवा. तेल राहिलं तर मसाला भिजतो आणि मग केप कितीही नीट बसली तरी बार फुसका जातो.

आता शंकूचं टोक उजेडात धरून बघा. कडा चपट्या होऊन छत्रीसारख्या बाहेर आल्या आहेत का? रिकामं रिव्हॉल्व्हर उगाच खटखट करून घोडा पाडत राहिल्याचा हा परिणाम. अशा निपलवर केप वरच अडकते आणि माणूस मोठ्या नंबरची केप शोधत फिरतो. तिथे केप बदलून उपयोग नाही, निपल बदला. आणि घरात कुणी मित्र ‘बघू जरा’ म्हणून घोडा पाडायला लागला, तर मैत्री बाजूला ठेवून त्याला थांबवा.

मग व्हर्नियर कॅलिपर घ्या. शंकूचा व्यास टोकाजवळ मोजा, केपेची कड जिथपर्यंत येईल तिथे मोजा आणि शंकूची उंचीही मोजा. सहाही निपलांचे आकडे वहीत लिहा. मोजताना सहांपैकी एखादं वेगळं निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नेमकं एकच घर दर वेळी दगा देतं, त्याचं कारण बऱ्याचदा त्या आकड्यात असतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. जिवंत केपेच्या आत कॅलिपरचं टोक घालू नका. आतला मसाला दाबानं आणि घर्षणानं पेटण्यासाठीच बनवलेला आहे. निपल मोजायचं, केप मात्र प्रत्यक्ष बसवून बघायची.

दुसरी पायरी : दोन-तीन डबे आणा आणि बसवून बघा

एकदम हजार केपा घेऊ नका. शंभराचे दोन-तीन वेगवेगळे डबे घ्या. एक रेमिंग्टन १० मिळाला तर तो, एक सीसीआय १०, एक सीसीआय ११. २०२० पासून केपांची टंचाई वारंवार होते, त्यामुळे दुकानात जे आहे तेच घरी येतं हेही खरं आहे. तरी मित्राच्या डब्यातल्या सहा केपा रेंजवर वापरून बघायला कुणी नाही म्हणत नाही.

ही परीक्षा रेंजवर, फायरिंग लाइनवर, म्हणजे जिथे उभं राहून निशाण मारतात त्या रेषेवर करा. डोळ्यांवर चष्मा, कानांवर बोळे किंवा मफ, रिव्हॉल्व्हरमध्ये ना दारू ना गोळी, नळी निशाणाकडे. केप निपलवर ठेवा आणि बोटाच्या मऊ भागानं दाबा. मग लाकडाच्या बोथट दांडीनं एकदा स्थिर दाब द्या. ठोकायचं नाही. दांडी साधी पेन्सिलीएवढी, टोक सपाट केलेली. काही जण घोडा केपेवर टेकवून अंगठ्यानं दाबतात. ती सवय लावून घेऊ नका. अंगठा निसटला तर बार होतो आणि एकदा घरं भरलेली असताना तसं झालं तर पुढे काय आहे त्यावर सगळं अवलंबून राहतं.

बोटाला काय कळलं पाहिजे? योग्य केप जाताना किंचित अडते, मग सरकते आणि तळाशी टेकल्याचं जाणवतं. त्यानंतर कितीही दाबा, ती हलत नाही. लहान केप मध्येच अडते, दाबल्यावर स्प्रिंगसारखी जरा वर येते आणि बाजूनं बघितलं तर शेजारणींपेक्षा उंच दिसते. मोठी केप काही न अडता टपकन बसते आणि नळी वर करून सिलिंडर हलकेच फिरवला तर सैल टोपीसारखी डुलते किंवा पडून जाते.

सहाही बसवल्यावर रिव्हॉल्व्हर आडवं धरून सिलिंडर आणि त्याच्या लगेच मागे असलेली फ्रेमची ढाल यांच्यातल्या फटीतून बघा. सगळ्या केपांची डोकी एका रेषेत हवीत. एखादी वर असेल तर सिलिंडर फिरताना ती ढालीला घासते. अशा घासण्यानं केप पेटू शकते, म्हणून सिलिंडर अडतोय असं वाटलं तर जोर लावून फिरवू नका.

तिसरी पायरी : नुसत्या केपा उडवा

आता या सहा केपा दारूशिवाय उडवायच्या. रेंजवरचे जुने लोक एक सुरेख चाचणी करतात. नळीचं तोंड गवताच्या पात्यापासून वीतभर अंतरावर, अर्थातच लाइनच्या पुढच्या बाजूला, धरायचं आणि घोडा पाडायचा. पातं हललं म्हणजे ठिणगी निपलच्या कानातून, घरातून, नळीतून आरपार गेली. रस्ता साफ आहे. या चाचणीनं उरलंसुरलं तेलही जळून जातं, त्यामुळे दिवसाची सुरुवात मी नेहमी याच सहा केपांनी करतो.

इथे आकडा महत्त्वाचा आहे. सहापैकी सहा पहिल्या घावाला उडाल्या पाहिजेत. पाच उडाल्या आणि एक दुसऱ्या घावाला, तर ती केप त्या निपलसाठी लहान आहे असंच धरा. नशिबावर सोडू नका. तीन फेऱ्या म्हणजे अठरा केपा खर्च करा, महाग वाटल्या तरी करा.

उडालेल्या केपा गोळा करून बघा. चांगली बसलेली केप फाटते, पण बहुतेक एका तुकड्यात राहते. चिंध्या झालेल्या दिसल्या तर केप सैल होती, नाहीतर निपलचा कान झिजून रुंद झाला आहे आणि मागे येणारा जाळ जास्त आहे. अर्थात नुसत्या केपा उडवताना हा मागचा जोर कळत नाही. म्हणून दारू भरून मारल्यावर केपा पुन्हा गोळा करायच्या आणि पुन्हा बघायच्या.

सैल केप हा जास्त मोठा धोका

लहान केप त्रास देते, मोठी केप मात्र घात करू शकते. बार उडाला की धक्क्यानं शेजारच्या निपलांवरच्या सैल केपा गळतात. मग ते घर मागून उघडं पडतं आणि आत भरलेली दारू असते. एका बाराबरोबर शेजारची घरंही पेटणं, याला इकडे चेन फायर म्हणतात. सिलिंडरमधलं जे घर नळीसमोर नाही, त्याची गोळी बाहेर पडायला मार्गच नसतो. ती फ्रेमवर आदळते किंवा बाजूनं निसटते आणि पुढचा हात तिथे असेल तर त्याला इजा होते. म्हणून या रिव्हॉल्व्हरचा पुढचा भाग दुसऱ्या हातानं कधीही धरायचा नाही.

हा जाळ गोळीच्या बाजूनं पुढून शिरतो की निपलच्या बाजूनं मागून, यावर जाणकार वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. मला त्या वादात एकच बाजू धरण्याची गरज वाटत नाही. दोन्ही दारं बंद करावीत. पुढचं दार घट्ट गोळीनं बंद होतं. .४४ कॅलिबरच्या बहुतेक प्रतिकृतींना .४५१ किंवा .४५४ इंचाची शिशाची गोळी लागते, .३६ ला .३७५ किंवा .३८० ची. ठासताना घराच्या कडेनं शिशाची पूर्ण बारीक कडी कापली जाऊन बाहेर आली की गोळी घट्ट बसली असं समजायचं. त्याखाली वंगणात भिजवलेली फेल्टची चकती किंवा गोळीवर जाड ग्रीस. मागचं दार बंद करणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे नेमकी बसलेली केप.

‘केप सैल आहे तर चिमटीत दाबून जरा लंबगोल कर आणि बसव’ हा सल्ला तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळेल. अनेक अनुभवी माणसं तसं करतात. चिमटलेली केप पडत नाही हे खरं. पण ती दोन बाजूंनी निपलला धरते आणि उरलेल्या दोन बाजूंना फट सोडते. जिथे सगळीकडून सारखं आवळून हवं होतं, तिथे आपण मुद्दाम वाट करून देतो. दुसरा डबा हाताशी नाही आणि दिवसाचा शेवटचा सिलिंडर आहे, अशा वेळी कुणी ते केलं तर मी समजू शकतो. कायमचा उपाय म्हणून मला ते मान्य नाही. जे निपल दर वेळी चिमटलेली केप मागतं, ते बदला.

चौथी पायरी : केप निपलाला नव्हे, निपल केपेला जुळवा

हा विचार मला फार उशिरा सुचला. केपा कधी कोणत्या मिळतील याचा नेम नाही, निपलं मात्र एकदा चांगली घेतली की वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून आपल्या भागात जी केप नियमित मिळते तिला जुळणारी निपलं घ्यावीत. ट्रेसोची ब्राँझची निपलं १० नंबरच्या केपेला छान धरतात आणि त्यांचा कान तळाशी बारीक असल्यानं मागे येणारा जाळही कमी होतो. स्लिक्स-शॉटची स्टेनलेस स्टीलची निपलं बाजूला बारीक छिद्र असलेली येतात, त्यामुळे उडालेली केप घोड्याबरोबर ओढली जात नाही.

घेताना आटे तपासा. उबर्टी आणि पिएट्टाच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरांना ६ मिलिमीटर व्यास आणि ०.७५ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे लागतात, तर १९७२ ते २००८ या काळात बनलेल्या रुगर ओल्ड आर्मीला १२-२८ चे (१२ नंबरचा व्यास, इंचाला २८ आटे). ‘जवळपास बसतंय’ म्हणून चुकीचं निपल पान्यानं आवळलंत तर सिलिंडरचेच आटे जातील. सहाही निपलं एकदम बदला, एक जुनं पाच नवी असं ठेवू नका. बसवण्याआधी आट्यांना न चिकटू देणारं ग्रीस लावा आणि हातापुरतंच आवळा.

जुनं निपल किंचित जाड असेल तर ते ड्रिलमध्ये धरून अगदी बारीक पॉलिश पेपरानं शंकू घासण्याची रीत आहे. रीत चांगली आहे, पण घासलेलं परत येत नाही. दोन फेऱ्या घासा, मोजा, केप बसवून बघा. मी घाईनं एक निपल इतकं घासलं की त्यावर दहा नंबरची केपही डुलायला लागली. ते अजून टेबलाच्या खणात ठेवलं आहे.

घोड्याकडेही बघा

सगळं जुळूनही बार चुकत असतील तर घोडा आणि निपल यांच्यातलं अंतर तपासा. रिकाम्या, केप नसलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं धरून अलगद खाली सोडा आणि मध्ये कागदाची पट्टी घालून बघा. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. एक पट्टी सरकली पाहिजे. ती घट्ट धरली गेली तर घोडा निपलवर आपटतोय आणि काही महिन्यांत शंकूची छत्री होईल. उलट चार-पाच पट्ट्या एकत्र घालूनही त्या सैल राहिल्या, तर घाव केपेपर्यंत पुरेसा पोचत नाही. तिथे केपेचा नंबर बदलत बसणं व्यर्थ आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे जा.

कोल्टच्या नमुन्यात आणखी एक खोड आहे. घोड्याच्या तोंडावर एक खाच असते, दोन घरांमधल्या खुंटीवर घोडा टेकवून ठेवण्यासाठी. उडालेली केप त्या खाचेत अडकते, घोड्याबरोबर मागे येते आणि आत पडते. मग यंत्रच अडकतं. केप जितकी नेमकी बसलेली, तितकं हे कमी होतं. पूर्ण थांबत नाही. म्हणून घोडा ओढताना नळी वर, पण निशाणाच्याच दिशेला ठेवतात, म्हणजे केपेचे तुकडे मागे आणि खाली गळून जातात. रेमिंग्टनच्या नमुन्यात हा त्रास तुलनेनं कमी.

लाइनवर

नेमकी केप मिळाली, आता ती शेवटी लावायची. आधी दारू, मग चकती, मग गोळी, सगळं ठासून झाल्यावर लाइनवर उभं राहून, नळी निशाणाकडे धरून केपा. घरी, गाडीत, टेबलापाशी कधीच नाही. पाच घरं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. दारू काळी किंवा काळ्या दारूला पर्याय म्हणून विकली जाणारीच असावी. आधुनिक धूररहित दारूचा कणही या रिव्हॉल्व्हरमध्ये जाता कामा नये. पायरोडेक्ससारखा पर्याय वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्याला पेट घ्यायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. तिथे मॅग्नम केपेचा उपयोग होतो. खऱ्या काळ्या दारूला साधी केप पुरते.

केप लावायला पितळी कॅपर वापरा. सरळ पट्टीचा किंवा गोगलगायीसारखा गोल, दोन्ही चालतात, पण तुमच्या केपेला त्याची खाच जुळते का ते दुकानातच बघा. दहाची केप अकराच्या खाचेत आडवी होते आणि सुटी केप खिशात ठेवणं त्याहून वाईट.

तीन-चार सिलिंडर झाले की निपलवर काजळी चढते आणि सकाळी सुरेख बसणारी केप दुपारी अडायला लागते. दर दोन सिलिंडरांनंतर ओलसर फडक्यानं शंकू पुसा, मग कोरड्या फडक्यानं. बार निघाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबा, तुमच्या रेंजचा नियम जास्त वेळेचा असेल तर तेवढं थांबा. दारू उशिरानं पेटू शकते. मग तेच घर पुन्हा घोड्याखाली आणा. दुसऱ्या घावाला उडाला, तर घराचा क्रमांक वहीत लिहा.

दिवस संपला की गरम साबणाच्या पाण्यानं सगळं धुवायचं, निपलं काढून धुवायची. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज चढवते. उरलेल्या केपा मूळ डब्यातच, कोरड्या जागी, कुलपात आणि दारूपासून लांब.

माझ्या प्रत्येक डब्यावर आता चिकटपट्टी लावलेली असते. तिच्यावर कोणतं रिव्हॉल्व्हर, कोणती निपलं आणि अठरापैकी किती केपा पहिल्या घावाला उडाल्या ते लिहिलेलं असतं. नवा डबा उघडला, मग तो त्याच कंपनीचा आणि त्याच नंबरचा का असेना, पहिल्या सहा केपा दारूशिवाय उडवतो आणि मगच चिकटपट्टी लावतो.